पायाच्या जखमेवर लक्ष ठेवणारा सेन्सर: सांगली-मिरजेतल्या नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

सांगली-मिरजेत इंजिनिअरिंग, डिप्लोमा किंवा नर्सिंग शिकणारी मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत येतात, तेव्हा मी त्यांना एकच विषय सुचवतो: पायाच्या जखमेवर लक्ष ठेवणारी पट्टी. नाडी आणि पावलं मोजणारे पट्टे बाजारात ढिगाने आहेत. जखम भरतेय की आतून चिघळतेय हे सांगणारी पट्टी मात्र औषधाच्या दुकानात मागून मिळत नाही, आणि तिची गरज असलेलं माणूस आपल्याकडे गल्लोगल्ली सापडेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. मधुमेह जुना झाला की अनेकांचे पाय बधीर होतात. शेतीपंपाची लाइट रात्रीची असते म्हणून तात्या रात्रीच खोडव्याला पाणी पाजायला जातात, सरीत उसाचा बुडखा तळपायात शिरतो, आणि घरी येऊन पाय धुताना रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ता नसतो. दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत, दाखवत नाहीत म्हणून वाढते. सेन्सरचं काम इथे सुरू होतं. दुखण्याने जे सांगायला हवं होतं, ते दुसऱ्या वाटेने घरच्यांच्या कानावर घालायचं. पुढचं सगळं हे ध्यानात ठेवून वाचा, कारण प्रत्येक पायरीवर निर्णय यावरूनच करायचे आहेत.

आधी ड्रेसिंग बघा, सोल्डरिंग नंतर

पार्ट मागवण्याआधी एखाद्या ड्रेसिंग रूममध्ये रीतसर परवानगी काढून उभे राहा. आपल्याकडे यासाठी लांब जावं लागत नाही. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. इंजिनिअरिंगवाल्यांना सांगलीच्या विश्रामबागेतून मिरज म्हणजे हाकेच्या अंतरावर. कॉलेजच्या पत्रासह विभागप्रमुखांना भेटा, फोटो काढणार नाही असं आधीच सांगा, आणि कोपऱ्यात गप्प उभं राहून बघा.

अनुभवी सिस्टर चिकटलेलं गॉज ओढत नाहीत. त्यावर सलाइन ओततात, थांबतात, कडेकडेने सोडवतात. निघालेलं गॉज टाकण्याआधी उलटून बघतात: डाग पाणीदार आहे की दाट, पिवळा आहे की हिरवट, वास कसला आहे. मग जखमेचा तळ. लाल, ओलसर, दाणेदार कोवळं मांस दिसलं तर जखम भरायच्या वाटेवर. पिवळी साय, म्हणजे मेलेल्या मांसाचा थर, असेल तर ती काढावी लागते. काळं पडलं असेल तर डॉक्टरांना हाक. शेवटी कडा: पांढऱ्या आणि फुगलेल्या असतील तर पट्टीखाली ओल जास्त झालीय. मिनिटभरात त्या एवढं सगळं वाचतात आणि त्यांचं अनुमान बहुतेक वेळा बरोबर निघतं. तुमच्या सेन्सरची परीक्षा या नजरेसमोर आहे, म्हणून वहीत रोज सिस्टरांचं मत आधी लिहा आणि आकडे नंतर.

एक मोजमाप मात्र पहिल्या दिवसापासून शिका. जखमेची सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी, सेंटिमीटरमध्ये. मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ चार आठवड्यांत निम्म्यावर आलं नाही, तर ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी, असं डॉक्टर धरतात आणि उपचार बदलण्याचा विचार करतात. कागदी पट्टीने घेतलेलं हे माप कुठल्याही चिपपेक्षा जुनं आणि भरवशाचं आहे. सेन्सर त्याच्या जोडीला येणार आहे, त्याच्या जागी नाही.

काय मोजायचं?

जगभरात या विषयावर जोरात काम चाललंय. स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ मध्ये जखमेचं तापमान आणि विद्युत अवरोध मोजून गरजेप्रमाणे हलका विद्युतप्रवाह देणारी पट्टी उंदरांवर तपासली. उपचार घेतलेल्या जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. कॅलटेकच्या गटाने २०२५ मध्ये जखमेतला स्राव बारीक नळ्यांनी ओढून त्यातलं नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोजणारी पट्टी २० रुग्णांवर वापरली. पहिल्यावरून सूज कळते, दुसऱ्यावरून जंतुसंसर्ग, आणि तोही लक्षणं दिसण्याच्या एक ते तीन दिवस आधी.

हे वाचून हुरूप येतो, यायलाच हवा. पण नवख्याने सगळं एकदम मोजायला घेतलं की एकही गोष्ट धड मोजली जात नाही. ओलावा, सामू (पीएच), तापमान, अवरोध, दाब या पाचांपैकी पहिल्या प्रकल्पात एकच घ्या, आणि ते तापमान असू द्या. सेन्सर स्वस्त आहे, जखमेच्या आत काही घालावं लागत नाही, आणि आकड्याचा अर्थ लावायला आधीच झालेल्या अभ्यासांचा आधार आहे.

तो आधार असा. दोन्ही पायांच्या त्याच जागी तापमान घ्यायचं. एका बाजूला २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला, तर आत काहीतरी बिघडतंय असं धरून चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या सूचनांमध्ये हे आहे. हा निकष मुळात जखम होण्याआधीची धोक्याची खूण ओळखायला तयार झालाय, म्हणजे कातडी शाबूत असताना. बरी झालेली जखम पुन्हा उघडू नये म्हणून राखण करायची असेल तर तो थेट कामाचा. उघड्या जखमेच्या शेजारी तापमान वाढणं हीसुद्धा संसर्गाची खूण आहे, पण तिथे किती फरकाला इशारा द्यायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

या पद्धतीच्या मर्यादाही आत्ताच लिहून ठेवा. दोन्ही पायांना जखमा असतील तर तुलना कशाशी करणार? रक्तपुरवठा कमी असेल तर संसर्ग असूनही पाय गार राहू शकतो. आणि मधुमेहात हाडं-सांधे ढासळतात तो शार्को पायही गरम लागतो, जखम नसताना.

दोन सेन्सर एकाच पाण्यात

मुलं दुकानातून डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणतात, कारण तो सहज मिळतो. त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे. दोन पायांना दोन सेन्सर लावले, एक अर्धा अंश वर आणि दुसरा अर्धा अंश खाली दाखवत असला, तर काहीही न होता एक अंशाचा फरक दिसेल. आपल्याला २.२ अंश पकडायचे आहेत. त्यातला जवळजवळ अर्धा भाग चुकीतच गेला. थोडे पैसे जास्त घालून टीएमपी११७ घ्या, त्याची चूक ०.१ अंशाच्या आत असते. तो परवडत नसेल तर डीएस१८बी२०सुद्धा चालेल, पण जोडी जुळवून घेतल्याशिवाय नाही.

जोडी जुळवायची रीत: बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, बुडेल इतकंच पाणी घाला. दोन्ही सेन्सर एकाच पातळ प्लास्टिक पिशवीत शेजारी-शेजारी बांधून बुडवा आणि ढवळत राहा. दोन्ही शून्याजवळ स्थिरावले की आकडे लिहा. मग थर्मास रिकामा करून त्यात साधारण ३५ अंशांचं पाणी घ्या आणि ते हळूहळू निवताना दर मिनिटाला दोन्ही आकडे लिहीत जा. पायाची कातडी साधारण ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. दोन सेन्सरमधला जो फरक सातत्याने दिसतो तो प्रोग्रॅममध्ये वजा करायचा. सेन्सरना डावा-उजवा अशी कायमची खूण करा, नाहीतर अदलाबदल झाली की सगळी मेहनत पाण्यात.

वायरलेससाठी वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेला ईएसपी३२ बोर्ड चांगला, पण त्याचं वाय-फाय चालू असताना चिप तापते. ती सेन्सरला चिकटून ठेवली तर तुम्ही पायाचं नाही, बोर्डाचं तापमान मोजाल. बोर्ड आणि बॅटरी घोट्याच्या वर पट्ट्यात, सेन्सर खाली बारीक वायरीवर. वायर जाड घेतली तर ती स्वतःच उष्णता ओढून नेते. दर दहा मिनिटांनी एक रीडिंग पुरे, मधल्या वेळात बोर्ड झोपवून ठेवा. बॅटरी टिकते आणि तापतही नाही. ब्लूटूथ लो एनर्जी वापरलंत तर आणखी बरं. आणि एक नियम मोडायचा नाही: माणसाला जोडलेलं असताना बोर्ड चार्जरला किंवा लॅपटॉपला लावायचा नाही. फक्त बॅटरी.

टेबलावरची नकली जखम

रुग्णाच्या आधी ताटलीवर सराव. अगर-अगर, म्हणजे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते ते, १०० मिलीलिटर पाण्याला दोन ग्रॅम आणि मीठ ०.९ ग्रॅम घालून उकळा आणि पसरट स्टीलच्या ताटलीत ओता. घट्ट झालं की चमच्याने मधे एक खळगा करा, त्यात थोडं सलाइन घाला. ताटलीखाली गरम पाण्याची पिशवी. खळग्याच्या कडेपासून बोटभर अंतरावर सेन्सर, वर गॉज आणि बँडेज. ही तुमची जखम. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लगेच खराब होते, फ्रिजमध्ये ठेवा.

आता तिला त्रास द्या. पंखा लावा, बंद करा. वर चादर घाला. ड्रेसिंगच्या वेळी ओततात तसं गार सलाइन ओता आणि आकडा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते बघा. ड्रेसिंगनंतरच्या तेवढ्या वेळातली रीडिंग पुढे कधीच धरायची नाहीत. गॉजचे थर वाढवले तर काय होतं? एका बाजूची पट्टी जाड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं ठेवलं तर फरक किती येतो? हा शेवटचा प्रयोग जरूर करा. प्रत्यक्षात एका पायाला बँडेज असतं आणि दुसरा उघडा असतो. त्यावर उपाय साधा आहे: चांगल्या पायावरही सेन्सरभोवती तेवढंच गॉज बांधायचं.

हळदीचा कागद

तापमान जमलं की सामूकडे वळा, निदान समजून घेण्यापुरतं. निरोगी कातडी आम्लधर्मी असते, सामू ४ ते ६. जुनाट, न भरणाऱ्या जखमेचा सामू ७.१५ ते ८.९ च्या पट्ट्यात आढळतो, आणि जखम भरत आली की तो खाली उतरतो. रंगावरून हा बदल ओळखायची पट्टी कशी चालते हे शिकायला सांगलीकरांना प्रयोगशाळेचं कपाट उघडायची गरज नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद पुरे.

चमचाभर हळद सर्जिकल स्पिरीटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, वरच्या निवळ द्रावात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. उन्हात नको, हळदीतलं कुर्कुमिन उजेडाने विटतं. एका पट्टीवर लिंबाचा थेंब टाका: पिवळीच राहते. दुसरीवर साबणाचं पाणी: पट्टी डोळ्यांदेखत तांबडी होते. तिसरीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की मधली छटा दिसेल. कुर्कुमिनचा रंग साधारण ७.५ ते ८.५ या सामूदरम्यान पालटतो, म्हणजे न भरणाऱ्या जखमेच्या पट्ट्यातच. म्हणूनच संशोधकांनी कुर्कुमिन घातलेल्या ड्रेसिंगवर काम केलंय.

आता फोनने त्या पट्ट्यांचे फोटो काढून रंग मोजून बघा आणि सगळ्यात मोठी अडचण लक्षात येईल. तीच पट्टी ट्यूबलाइटखाली एक, खिडकीपाशी दुसरी. प्रत्येक फोटोत पट्टीशेजारी पांढरा कागद आणि ठरावीक रंगांची छापील पट्टी ठेवा आणि त्यांच्या तुलनेत रंग काढा. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये मांडलेली पट्टी याच वाटेची आहे: बॅटरी नाही, कागदासारखी पातळ, पाच पाकळ्यांत तापमान, सामू, ओलावा, यूरिक आम्ल आणि ट्रायमिथाइलअमाइन यांचे पाच रंगसेन्सर. पंधरा मिनिटांत रंग बदलतात, फोनने फोटो काढायचा, आणि पट्टी जखमेवरून न काढता संगणक सांगतो की जखम भरतेय की नाही. आपल्याकडे जिथे चार्जिंगचीच खात्री नाही, तिथे बॅटरीशिवायची वाट मला सर्वांत जास्त आश्वासक वाटते.

हा कागद टेबलावरच राहू द्या. जखमेला लावायचा नाही. हळदीबद्दल बोलतोच आहोत तर हेही सांगायला हवं: आपल्याकडे जखमेत हळद भरायची सवय घरोघरी आहे, आणि मधुमेही पायाच्या जखमेत ती करू नये. ती निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या झालेल्या जखमेत पिवळी साय कुठली हे सिस्टरांना दिसतच नाही. रंगावर चालणारा सेन्सर तर पुरताच फसेल. 'जखम मोकळी ठेवा, वाळू दे' हा दुसरा घरगुती सल्लाही तपासून घ्यावा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर राखलेली वरवरची जखम उघडी वाळवलेल्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने कातडीने झाकली जाते. फार ओल वाईट, कोरडही वाईट. ओलावा मोजणारे सेन्सर म्हणूनच निघाले.

माणसाच्या पायावर येण्याआधी

स्वतःच्या धडधाकट पायावर पट्टी बांधून बघायला हरकत नाही. रुग्णावर अभ्यास करायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी, रुग्णाला मराठीत समजावून घेतलेली सही, आणि जबाबदारी घेणारा डॉक्टर, हे तिन्ही लागतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. उपकरण विकायचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. तो पुढचा आणि लांबचा रस्ता आहे. समितीला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या महिन्यात करा.

आणि इथे सर्वांत मोठा धोका येतो. तुमचा सेन्सरच नवी जखम करू शकतो. तुमच्या-माझ्या मोज्यात खडा गेला तर दोन पावलांत आपण थांबतो. आजींच्या बधीर पायाखाली सोल्डरचं टोक आलं तर त्या दिवसभर त्यावर चालतील. म्हणून तळव्याखाली, टाचेला, बोटांच्या मधे आणि जिथे चप्पल घासते तिथे टणक काहीही नको. सेन्सर पायाच्या वरच्या किंवा आतल्या बाजूला, मऊ सिलिकॉनमध्ये बुडवलेला, कडा गोल. दाब कुठे येतो याची शंका असेल तर पट्टी बांधून अर्ध्या तासाने सोडून बघा. कातडीवर लाल वळ उमटला असेल तर जागा किंवा आकार बदला. चिकटपट्टी कागदी घ्या, म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, जाड टेपबरोबर सोलून येते. काढताना ओली करून, कातडीला समांतर, हळू.

संवेदना किती उरली आहे हे डॉक्टर १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तपासतात. नायलॉनचा एक तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात आणि विचारतात, 'लागलं का?' ही तपासणी एकदा जवळून बघा. डोळे मिटलेला माणूस काहीच बोलत नाही आणि तंतू मात्र वाकलेला असतो, हे पाहिल्यावर सेन्सर मऊ का हवा ते वेगळं सांगावं लागत नाही.

आकडा कुणाला सांगायचा?

रीडिंग दर दहा मिनिटांनी येत असलं, तरी दोन पायांच्या तुलनेसाठी माप रोज एकाच वेळचं धरा. सकाळी उठल्यावर, जमिनीवर पाय टेकण्याआधीची वेळ उत्तम. बाहेरून आल्यावर घ्यायचंच असेल तर दोन्ही पाय उघडे ठेवून पंधरा मिनिटं सावलीत बसू द्या. एप्रिलमध्ये डांबरी रस्त्यावरून आलेला पाय काहीही आकडा दाखवेल. पहिले काही दिवस इशारा बंद ठेवून त्या माणसाचा नेहमीचा फरक किती असतो ते समजून घ्या. एकच आकडा बघून काही ठरवू नका, चढ की उतार ते बघा.

बझर वाजवणारी पट्टी बनवू नका. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या घोट्यापाशी वाजून काय उपयोग? निरोप मुलीच्या किंवा सुनेच्या फोनवर जायला हवा, आणि रुग्णाची संमती असेल तर आशाताईंच्याही. त्यात नुसता आकडा नको, काय करायचं तेही हवं. उदाहरणार्थ: 'आजींचा डावा पाय काल आणि आज उजव्यापेक्षा २.४ अंशांनी गरम आहे. चालणं कमी करा. पाय उजेडात नीट बघा. आज डॉक्टरांना दाखवा.' 'जंतुसंसर्ग झाला आहे' असं त्या निरोपात कधीही लिहू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. दिवसभर रीडिंग आलं नाही तर त्याचाही निरोप जाऊ द्या, कारण गप्प पडलेली पट्टी आणि ठीक असलेला पाय फोनवर सारखेच दिसतात.

घरच्यांना हेही बजावून सांगा: लाली पसरत चालली, काळं पडलं, घाण वास आला, ताप किंवा थंडी भरली, तर सेन्सर काय म्हणतो ते न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सुटलेली पट्टी

जखमेच्या स्रावाने भिजलेलं गॉज जैववैद्यकीय कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यात ते पिवळ्या पिशवीत जातं आणि पिवळी पिशवी सहसा भट्टीत. त्यात लिथियमची बॅटरी राहून गेली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून पट्टी अशी बांधा की बॅटरी आणि बोर्ड एका ओढीत सुटे होतील, सेन्सरची वायर कनेक्टरपाशी निघेल आणि फक्त भिजलेला भाग पिशवीत पडेल. बोर्डाची डबी दर वेळी स्पिरीटने पुसायची, एका रुग्णाची दुसऱ्याला लावायची नाही. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांच्या हातात मोजे असतात, तेव्हा ते कनेक्टर मोजे घातलेल्या बोटांनी सुटतंय का हे आधी स्वतः मोजे घालून करून बघा.